बारावं पाकीट

३ ऑक्टोबर, शुक्रवार

"फीचं बघू मागून."

अकरा वर्षांपूर्वी विश्वंभरराव एवढंच म्हणाले होते. नवरा जाऊन वर्ष झालं होतं, हळदीची चक्की माझ्या गळ्यात पडली होती आणि मी पिशवीभर पावत्या घेऊन हिंगोलीला त्यांच्यासमोर बसले होते. भांड्यांच्या दुकानावरची ती एक खोली. बाहेर पाटी — करसल्लागार. त्यांनी पिशवी टेबलावर उलटी केली आणि पावत्या तारखेने लावायला घेतल्या. फी किती, विचारलं. तर हे!

ते 'मागून' अजून आलेलं नाही.

म्हणून दर दिवाळीला मी एक पाकीट देते. दोन हजार एकशे एक. आकडा माझा मीच ठरवलेला, अंधारात चाचपून. ते पाकीट कपाळाला लावतात, ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि विचारतात, "चक्कीचा पट्टा बदलला का?"

आज हे सगळं आठवलं ते बँकेमुळे. दुसरी चक्की घ्यायची आहे! हैदराबादच्या व्यापाऱ्याने महिन्याला दोन टन हळदपूड मागितली आहे. दोन टन! कर्जाचा फॉर्म भरता भरता साहेबांनी विचारलं, "अकाउंटंटला वर्षाला काय देता?"

मी म्हणाले, "पाकीट."

साहेब हसले. मीही हसले. बाळापूरला घरी पोचेपर्यंत कान गरम.

५ ऑक्टोबर, रविवार

बाजाराचा दिवस नव्हता तरी बाजारात फिरले. ज्याला त्याला एकच प्रश्न — हिशेबवाल्याला काय देता? लोक असे दचकतात जसं काही मी त्यांचं वय विचारलं!

टाइलवाले अमरसिंग म्हणाले, "महिन्याला हजार. वरून त्याचा चहा बी माझ्याकडं! आन मागच्या साली त्यानं तारीख चुकवली तर दंड बी मीच भरला."

"तुम्ही काहून भरला?"

"बोलणंच झालं न्हवतं ना ताई, दंड कुणाचा ते!"

किराणावाली दीपमाला सहा हजार देते, वर्षाचे. त्यात काय काय येतं, तिला माहीत नाही. कुठल्याशा नोटिशीचं उत्तर लिहायचे दोन हजार वेगळे घेतले, म्हणून अजून चिडलेली आहे. "आधी सांगितलं असतं तर हसत दिले असते गं!" तिच्या खात्याचा पासवर्डसुद्धा त्यांच्याचकडे. माझा? माझा माझ्याकडे आहे. पहिल्याच वर्षी विश्वंभररावांनी माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला होता — "तुमच्या घराची किल्ली तुमच्याकडं असावी."

म्हणजे सगळ्यांत स्वस्त मी. आणि सगळ्यांत बरं कामही माझंच. आनंद व्हायला हवा होता. दुपारभर अवघडल्यासारखं झालं.

६ ऑक्टोबर, सोमवार

अकरा वर्षांत कळलं नाही, त्या खोलीत मी गिऱ्हाईक आहे की पाहुणी!

७ ऑक्टोबर, मंगळवार

बँकेचा फोन. ताळेबंदावर सीएची सही लागेल. विश्वंभरराव सीए नाहीत, त्यांची सही चालणार नाही.

साहेबांनीच नाव सुचवलं — नीलांबरी मॅडम. तिशीतली पोरगी, टेबल लख्ख, एकही गठ्ठा नाही. बसल्या बसल्या छापील कागद समोर ठेवला. महिन्याचं विवरण आठशे. वर्षाचा हिशेब सहा हजार. कर्जासाठी सहीचा ताळेबंद साडेसात हजार, एकदाच. नोटीस आली तर वेगळे, पण आधी विचारून. कागद उशिरा दिलेत तर दंड तुमचा. मी चुकले तर माझा. प्रत्येक पैशाची पावती.

मी तो कागद दोनदा वाचला. मॅडमना वाटलं, महाग वाटतंय. "थोडं कमी करता येईल," म्हणाल्या.

"नको नको! कमी नको," मी म्हणाले. त्यांना कसं सांगू — मला भाव सांगितला म्हणून भरून आलं होतं! आता मी या बाईला भर दुपारी फोन करून मूर्ख प्रश्न विचारू शकते. पैसे दिलेत! विश्वंभररावांना फोन करायचा तर मी दहा शंका साठेपर्यंत थांबायची.

(खरंच शंकांसाठीच करायची का? दहा झाल्या की खूश कशाला व्हायची मग?)

ही ओळ खोडायची होती. राहू दे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज विश्वंभररावांना सांगायचं होतं. नुसता ताळेबंदच नव्हे, सगळं काम मॅडमकडे नेते आहे. अर्धं इथे अर्धं तिथे ठेवलं की दोघांकडेही चुकतं, हे विश्वंभररावांनीच शिकवलेलं.

निघताना पंचफुलाबाई दारात हळकुंडं निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "हिशेब द्यायला चालल्या का लग्नाला? इस्तरीचं पातळ घालून राहिल्या ते!"

"बँकेत जायचंय."

"बँकेत व्हय! बरं बरं. गजरा ऱ्हायला मग."

या बाईला पगार मी देते!

बसमध्ये वाक्य पाठ केलं. कळमनुरी मागे पडली तोवर पक्कं झालं होतं. समोर बसले आणि पार विसरले. "सही... सीए... बँक..." एवढंच निघालं.

त्यांनी तेवढंच वहीत टिपलं. पन्नाशी उलटली आहे, पण लिहिताना अजून जीभ दातात धरतात. मग म्हणाले, "चांगलं करून राहिल्या. मीच म्हणणार होतो. दोन चक्क्यांचं काम माझ्या एकट्याच्यानं झालं नसतं."

मी विचारलं, "आजपर्यंतची फी?"

मला पाठ होतं काय येणार. आलंच — "बघू मागून." दोघंही हसलो. त्यांचं हसू आधी थांबलं.

"उद्या या. फायली नीट लावून देतो."

अजून थोडं थांबले असते तर मला रडू आलं असतं, म्हणून घाई केली. "असू द्या, मॅडम लावतील," म्हणाले आणि कपाटातल्या अकराही फायली उचलून पिशवीत घातल्या. ते अर्धे उठले. "अहो, थांबा..." म्हणाले. मी बस गाठायचीय म्हणून जिना उतरलेसुद्धा. फायली तशाच मॅडमच्या टेबलावर टाकून आले.

परतीच्या बसमध्ये आठवलं — एकदा विश्वंभरराव म्हणाले होते, "तुमचा कागद गठ्ठ्यातून वळखू येतो. कोपऱ्यावर पिवळा अंगठा असतो." आता माझे पिवळे कागद दुसऱ्या टेबलावर.

११ ऑक्टोबर, शनिवार

नीलांबरी मॅडमचा फोन. आवाज विचित्र. "ताई, तुम्ही आज येऊ शकता का? फायलींत पैसे आहेत."

गेले. टेबलावर अकरा पाकिटं, ओळीने.

प्रत्येक वर्षाच्या फाइलीत, अगदी शेवटच्या पानामागे, टाचणी लावून ठेवलेलं. माझंच अक्षर — शुभ दीपावली. कोपऱ्यावर माझाच अंगठा. त्यांनी एकही उघडलेलं नाही. एकही!

"पहिली तीन मी उघडली, माफ करा," मॅडम म्हणाल्या. "नक्की काय आहे ते बघायला हवं होतं." आत पाचशेच्या जुन्या नोटा. रद्द झालेल्या! सगळा देश रांगेत उभा होता आणि हा माणूस लोकांना पैसे कसे भरायचे ते समजावत होता. तेव्हाही यांनी ती उघडली नाहीत.

मॅडम हळूच म्हणाल्या, "ताई, इतक्या वर्षांत असा अकाउंटंट मी ऐकला नाही."

मला हसू यायला लागलं. थांबेचना. पदर तोंडात धरून हसले. मॅडमनी पाणी दिलं. डोळे पुसताना हळद डोळ्यांत गेली — मग खरं पाणी आलं आणि कशाचं ते कुणाला सांगावं लागलं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

फोन केला. या वेळी एकच शंका साठवली होती.

"पाकिटं का उघडली नाहीत?"

पलीकडे भांड्यांच्या दुकानातला खणखणाट. मग म्हणाले, "घेतलं न्हाई तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. उघडलं असतं तर ती फी झाली असती."

"मग? फीच होती ती!"

"फी झाली की..."

वाक्य तिथंच. पितळेचं काहीतरी खण्णकन पडलं.

"ते जाऊ द्या. चक्कीचा पट्टा बदलला का?"

बदलला, मी म्हणाले. फोन ठेवला आणि चक्की सुरू केली. दळताना गाणं म्हणत होते म्हणे. पंचफुलाबाई सांगत होत्या. चक्कीच्या आवाजात मला वाटलं कुणाला ऐकू येणार नाही!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कुंकवाचाही घाणा काढला. अकरा वर्षं मी कुंकू करते, पोत्याने विकते, स्वतः काळी टिकली लावते. "कुंकवावर कर न्हाई, हळदपुडीवर पाच टक्के," त्यांनीच शिकवलेलं. आज आरशासमोर बोट लाल होतं. थोडा वेळ तसंच धरून उभी राहिले. मग धुतलं. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. बारीक विचार करते आणि चुका मोठ्या करते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

नीलांबरी मॅडमना पहिली फी दिली. पावती मिळाली. म्हणजे कागदोपत्री विश्वंभरराव आता माझे कुणीच लागत नाहीत.

कुणीच नाहीत!!

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

बारावं पाकीट तयार आहे. उद्या पहिल्या एस.टी.ने स्वतः नेऊन देणार. आत काही ठेवलेलं नाही. ते उघडत नाहीत, म्हणून या वर्षी बाहेरच लिहिलं —

"भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी माझ्यासोबत सिद्धेश्वरला धरण बघायला याल का? तिकीट ज्याचं त्याने काढायचं. तुम्ही नाहीच म्हणणार, माहीत आहे. पण मग या वेळी सरळ 'नाही' म्हणा. 'बघू मागून' म्हणू नका."