कान चुकल्याची हकिकत

अड्यार, चेन्नई
रविवार

ती. हरिप्रसाददादास,

तुझ्या धाकट्या भावाचा, मधुसूदनाचा, सांगलीच्या दिशेला तोंड करून नमस्कार (दिशा चुकली असेल तर वहिनींना पोचला असं समज). तुझी शुगर, वहिनींचा गुडघा आणि गॅरेजातला कॉम्प्रेसर, तिघांच्याही तब्येती ठीक असतील अशी आशा आहे. आम्ही बरे आहोत, म्हणजे कमलिनी बरी आहे आणि मी बरा आहे असं ती सगळ्यांना सांगते. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. चाळीस वर्षं ट्रॅक्टरच्या सायलेन्सरांपाशी काढून तुझे कान गेलेत, म्हणून वहिनी स्पीकर लावतात, आणि मग माझी अब्रू शेजारच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाते. यातलं बरंचसं गिरणीपर्यंत जाऊ नये अशी इच्छा आहे.

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो. इरुंगाट्टुकोट्टैच्या आमच्या कारखान्यातला सायलेन्सर विभाग मार्चअखेर बंद होतोय. विजेच्या गाडीला धूर नाही, धूर नाही म्हणून नळी नाही, आणि नळी नाही म्हणून मधुसूदन नाही. त्याच शेडमध्ये आता बॅटरी ठेवायचे अ‍ॅल्युमिनियमचे ट्रे बनणार. चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर मला शुक्रवारपर्यंत कळवायचंय, की त्या ट्रेवर शिकाऊ म्हणून खालच्या पदावर जातो, की स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसतो. (स्वेच्छा हा शब्द त्यांचा, माझा नाही.)

सरकारच्या धोरणाला मी शिव्या देतोय असं मात्र समजू नकोस. त्या डिसेंबरातल्या वादळात आमच्या तळमजल्यावर कमरेइतकं पाणी होतं. फ्रिज तरंगत तरंगत स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आला, आणि जेवणाच्या टेबलावर पाय वर घेऊन बसलेल्या कमलिनीने मला विचारलं, की हे सगळं तुमच्या त्या धुरामुळेच ना? (लग्न झाल्यापासून माझ्या कामाबद्दल तिने विचारलेला हा पहिला प्रश्न.) गाड्या बदलायला हव्यात हे मला तेव्हाच पटलं, अगदी मनापासून पटलं. फक्त बदल म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी, असं मी धरून चाललो होतो. कारखान्यात सभा झाली, साहेबांनी पडद्यावर एक मोठा बाण दाखवला, डावीकडून काळा आणि उजवीकडे जाताना हिरवा होणारा. आम्ही एकशे दहा माणसं या बाणात नक्की कुठे उभी आहोत, असं मी उठून विचारलं. तेवढ्यात चहा आला.

तरीही मी निष्ठा दाखवायला विजेची स्कूटर घेतली. आता दादा, तुला माहीत आहे, इंजिन चालू आहे की नाही हे आपण कानाने ओळखतो. ही बया बोलेचना. मी किल्ली फिरवली, वाट पाहिली, परत फिरवली, आणि बॅटरी उतरली असेल म्हणून हँडल चांगलं पिळून पाहिलं. ती चालूच होती. आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्या अम्मांच्या टोपलीत मी गाडीसकट गेलो. अम्मांना काही झालं नाही, पण सायलेन्सरवाल्याला गाडीचा आवाज येईना, ही बातमी त्यांनी प्रत्येक जुडीबरोबर घरोघर पोचवली. आठवडाभर आम्ही चेचलेली पालेभाजी खात होतो.

मग ऑफिसातून फॉर्म आला, की तुम्हाला काय काय येतं ते लिहा. मला काय येतं ते तुला ठाऊक आहे, तूच शिकवलंस. सायलेन्सरवर पितळी हातोडीने एक टिचकी मारली की जोड कुठे फुटलाय ते मी सांगतो, आणि चोवीस वर्षांत मी एकदाही चुकलो नव्हतो. म्हणून मी लिहिलं, "कान". आठ दिवसांनी मला कानाच्या डॉक्टरकडे तपासायला पाठवलं.

आता खरी फजिती. गेल्या मंगळवारी शेजारच्या शेडमध्ये आधीच सुरू झालेल्या ट्रेच्या चाचणी-लाइनवर, तिकडे जाऊ शकणाऱ्या आम्हा सगळ्यांची परीक्षा होती. तिथे गळती शोधायला यंत्र आहे. हेलियम सोडतात आणि सगळं ठीक असलं की हिरवा दिवा लागतो. दिवा लागला. मी सवयीने खिशातली हातोडी काढून टिचकी मारली, तर आवाज आला मेलेला, भद्द. मी लाल बटण दाबलं आणि सगळी लाइन थांबवली. शेजारी कामाक्षी उभी होती (सहा वर्षं माझ्या हाताखाली वेल्डिंग शिकली, गेले काही महिने ट्रेवर, श्रीपेरुंबुदूरजवळच्या खेड्यातली, बोलायला कमी), ती हळूच म्हणाली, "सर, वेण्डाम." म्हणजे नको. पण मी कसला ऐकतोय! यंत्राला दिवा असतो, कान नसतो, यावर मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये दहा मिनिटं भाषण केलं. मग साहेबांनी ट्रे करवतीखाली घातला, चारही जोड उभे कापले. आत केसाएवढीही भेग नव्हती.

दादा, कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे खाली बघत आपापल्या जागी गेले, आणि मी कापलेला ट्रे हातात घेऊन उभा राहिलो. मला फार लाज वाटली. नोकरी जाणार याची भीती गेले सहा महिने होतीच, पण माझा कान गेला तर मी कोण, हे मी कधी मनात आणलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत कामाक्षी डबा घेऊन समोर बसली. परीक्षेत ती पहिली आली, त्यामुळे मी गेलोच तर शिकायचं तिच्या हाताखाली. ती म्हणाली, की पहिला महिनाभर तिलाही प्रत्येक ट्रे फुटकाच वाटायचा. ही पोरगी कोणाला न सांगता रोज ट्रे वाजवून बघत होती! अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं खणखणत नाही, सर, सुरुवात ऐकू नका, आवाज संपताना ऐका. एवढं सांगून तिने माझ्या डब्यातलं लोणचं घेतलं.

असो. मी ठरवलंय. या वयात पुन्हा पाटी घेऊन कोण बसणार? दिवाळीत तू म्हणाला होतास, केव्हाही ये, तर गॅरेजातला मागचा कोपरा माझ्यासाठी रिकामा कर. तुझ्याकडचे ट्रॅक्टर अजून बरीच वर्षं धूर सोडतील, तेवढ्यात आपण दोघं निघून जाऊ. निवृत्तीचा अर्ज उद्या देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मधुसूदन

ता. क. कमलिनीला सांगलीला यायचं आहे का, हे तिला अजून विचारलेलं नाही.

ता. क. २. चिकटवलेलं पाकीट फोडून लिहितोय. विचारलं. ती म्हणाली, खुशाल जा, पण आधी खरं सांगा, त्या मुलीच्या हाताखाली बसायची लाज वाटते, की तिला येतं ते आपल्याला येणार नाही याची भीती वाटते? मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, मग जायचं कशाला?

ता. क. ३. कोपरा रिकामा करू नकोस. त्याऐवजी भंगारातले अ‍ॅल्युमिनियमचे वीसेक तुकडे, गिअरबॉक्सची झाकणं, रेडिएटरच्या टाक्या, काही धड आणि काही भेगा पडलेले, हे पत्र मिळताच मला पार्सलने पाठव. भेगा दिसणार नाहीत असे सगळ्यांवर रंग मार. आणि कुठला फुटका आहे त्याची यादी मला पाठवू नकोस, कामाक्षीला पाठव. तिचा पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे.