मॅडम जागेवर नाहीत

२ सप्टेंबर, सोमवार
लेक दोन दिवस राहून आज गेली. निघताना माझ्या बाहेरच्या चपलांकडे बघत उभी राहिली. डाव्या चपलेत कोळ्यानं जाळं केलं होतं. म्हणाली, आई, तू शेवटची बाहेर कधी पडलीस? मी म्हटलं, कोळी कालचा असेल. तर म्हणाली, हे घर आवरू या, तू आमच्याकडे चल, खोली तयार आहे. (त्या खोलीत इस्त्रीचं टेबल आहे आणि जावयांची सायकल. तीसुद्धा जागच्या जागी चालवायची.) मी ठणकावून सांगितलं की मी सतत बाहेर असते. मग तिनं माझ्या फोनवर ‘मी-इथे’ नावाचं ॲप टाकून दिलं. कुठेही पोचलं की बटण दाबायचं. याला चेक-इन म्हणतात. तिला तिच्या घरी बसून दिसतं. एखाद्या जागी सगळ्यांत जास्त चेक-इन केले की नावापुढे मुकुट येतो. ऑक्टोबर संपेपर्यंत मी हिंडती-फिरती दिसले तर घराचा विषय कायमचा बंद. नाहीतर एक नोव्हेंबरला ती खोकी घेऊन येणार.
हे गेले त्याला चार वर्षं झाली. या घरात चौतीस. खोक्यांत मावणार नाही हे तिला कळायला हवं.

३ सप्टेंबर, मंगळवार
उद्यापासून: सहाला उठणे. जिम. मग पोहणे. मग वाचनालय. चित्रकला सोम-बुध-शुक्र. नवे बूट आणले. दुकानदार म्हणाला, मॅरेथॉनला चालतील. मी म्हटलं, बघू.

४ सप्टेंबर, बुधवार
उठले ९.२०. बूट चावतात. चेक-इन केलं: घर. लगेच मुकुट मिळाला. लेकीचा मेसेज, आई, घर मोजायचं नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार
चौकापर्यंत गेले. जिम तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दम खायला चौकातल्या बाकावर टेकले आणि फोन उघडला. पाहते तर ‘तुमच्या जवळच्या जागा’ म्हणून पूर्ण यादी. जिम, तरणतलाव, वाचनालय, चित्रकला वर्ग, नृत्यशाळा. सगळं चौकाच्या चार बाजूंना. आत गेलात का, असं ॲप विचारतच नाही. मी जिम दाबलं. टिंग वाजलं. शेवटी मी जिमपाशी होतेच. तीन मजले हा तपशील झाला.
कॉन्व्हेंट शाळेत खोटं बोललं की सिस्टर वर्गाबाहेर उभं करायच्या. पण हे खोटं नव्हे. कंपनीच्या स्विचबोर्डवर एकतीस वर्षं मी ‘साहेब जागेवर नाहीत’ म्हणत आले. साहेब समोर पेन्सिलीनं कान कोरत असायचे. त्याला कुणी खोटं म्हणालं नाही. निवृत्तीच्या दिवशी घड्याळ दिलं.
बाकाशेजारी एक चावीवाला बसतो. पेटी, कानस, वर पत्र्याची हातभर चावी टांगलेली. कसली चावी हवी, विचारलं. मी म्हटलं, कसलीच नको. तर म्हणाला, मग बसा.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
रोज पाच जागा, बारा मिनिटांत. लेक खूश. फक्त तिनं विचारलं, जिममध्ये चारच मिनिटं? मी म्हटलं, हल्ली व्यायाम थोडा करतात पण जोरात करतात. जावयांनी मागून ‘वा’ म्हटलेलं ऐकू आलं.
बूट कपाटात. बाकावर चपला पुरतात.

२१ सप्टेंबर, शनिवार
जिमचा मुकुट मिळाला. ‘लोखंडी बाहू’ नावाच्या कुणालातरी मागे टाकलं. चावीवाल्यानं विचारलं, मुकुटाचं पुढे काय करायचं? मी म्हटलं, सांभाळायचा. त्यानं आपलं पोतं चार पदरी घडी घालून माझ्याखाली दिलं. मुकुटवाल्यांनी थंड बाकावर बसू नये म्हणाला.
हल्ली विणकाम आणि कॉफीचा थर्मास नेते. दोन कप. त्याला स्विचबोर्ड समजावून सांगितला. ती लाल-हिरवी वायर, ते छिद्र, ते दिवे. तो म्हणाला, म्हणजे आपलं काम एकच, मॅडम. योग्य ती योग्य भोकात घालायची. एकतीस वर्षांत कुठल्या साहेबाला हे समजलं नव्हतं.

२४ सप्टेंबर, मंगळवार
घराची चावी आत राहिली आणि दार ओढलं गेलं. चावीवाला धंदा सोडून आला, अर्ध्या मिनिटात कुलूप उघडलं, दोन जादा चाव्या करून दिल्या. एक त्याच्याच पेटीत खिळ्याला लटकवून ठेवली आहे. माझं विसराळूपण बघून नव्हे. सोय म्हणून.
लेकीला सांगितलं नाही. तिचं काम वाढेल.

१ ऑक्टोबर, मंगळवार
विणताना बोट घसरलं आणि प्रसूतिगृहात चेक-इन झालं. चौकाच्या कोपऱ्यावर आहे ते. तीन मिनिटांत जावयांचा फोन, सगळं ठीक ना? मी म्हटलं, मैत्रिणीच्या सुनेला बघायला आले. लेकीनं विचारलं, काय झालं? म्हटलं, मुलगा. साडेतीन किलो. नाक आजोबांवर गेलंय.
आजोबा कोण, ते ठरवायला हवं.

५ ऑक्टोबर, शनिवार
लेक बाळाची चौकशी करते आहे. सर्दी झाली आहे म्हणून सांगितलं. त्यानंतर मलाच चैन पडेना.

१० ऑक्टोबर, गुरुवार
तरणतलावाचा मुकुटही माझा. इतका सहज कसा मिळाला याचं नवल करत होते. लेकीला सांगितलं, आता उलटं पोहायला शिकते आहे, पाणी जरा गार असतं. फोन ठेवल्यावर चावीवाला म्हणाला, मॅडम, तलाव उन्हाळ्यापासून कोरडा आहे. आत फरश्या बसवताहेत.
दुसरं कुणी चेक-इन का करत नव्हतं ते समजलं. पण मुकुट तो मुकुट.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
जिमवाला चावी करून घ्यायला खाली आला. दंड एवढे की बाही बिचारी उसवत होती. चावीवाल्याला सांगू लागला, एका बाईंना शोधतोय. दीड महिन्यात सगळ्यांत जास्त हजेरी त्यांची. ॲपमध्ये नाव दिसतं, जिममध्ये बाई दिसत नाहीत. पोरं म्हणतात पहाटे येऊन जातात. ॲपमधला त्यांचा फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय, सत्कार करायचाय.
मी अर्धा स्वेटर तोंडासमोर धरला. टाके मोजू लागले. चावीवाल्यानं कानस खाली ठेवली आणि अगदी माझ्या सुरात म्हणाला, मॅडम आत्ता जागेवर नाहीत. काही निरोप?
जिमवाला थँक्यू म्हणून गेला. मी चावीवाल्याला हे शिकवलं नव्हतं. ऐकून ऐकून उचललं त्यानं.

२६ ऑक्टोबर, शनिवार
लेक शुक्रवारी येते आहे. सगळं बघायचं म्हणते. जिम, तलाव, माझी चित्रं. निर्धार: सोमवारपासून रोज एक मजला. बुधवारी तिसरा. गुरुवारी विश्रांती. चित्रं काढणे (किमान दोन).

२८ ऑक्टोबर, सोमवार
पहिल्या मजल्याच्या अलीकडचं जिन्याचं वळण गाठलं. तिथे बसून चेक-इन केलं. आजवरचं सर्वांत खरं चेक-इन. खाली आले.

३१ ऑक्टोबर, गुरुवार
ठरल्याप्रमाणे विश्रांती. एक चित्र झालं. लेकीला काय आहे विचारलं तर थर्मास म्हणेन. आत्ता ते प्रसूतिगृहासारखं दिसतं.
संध्याकाळी घरभर हिंडले. कपाटं उघडून बंद केली. कशाला हात लावला नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार
लेक आली. गाडीत खोकी होती. घडी घातलेली, दोरीनं बांधलेली. मी म्हटलं, आधी जिम बघू. ती म्हणाली, आधी बाक बघू.
तिला महिनाभर माहीत होतं. ॲपमध्ये नकाशा असतो म्हणे. माझे सगळे ठिपके एका ठिकाणी, वाटाणे सांडल्यासारखे. तलाव बंद असल्याचीही पाटी ॲपमध्ये आहे. आणि बाळाचं वजन मी तीनदा वेगवेगळं सांगितलं. म्हणाली, आई, तिसऱ्या वेळी ते जन्मापेक्षा हलकं झालं होतं. मी म्हटलं, सर्दी होती ना.
त्यावर ती हसली नाही. मी मनात ठरवलं, निवृत्तीला मिळालेल्या घड्याळाचा दाखला अगदी शेवटी काढायचा.
बाकावर चावीवाल्यानं तिच्यासाठी दुसरं पोतं झटकलं. तिनं विचारलं, आई रोज येते? तो म्हणाला, रोज. गुरुवारी जरा उशीर होतो. एक दिवस आल्या नाहीत तर मी संध्याकाळी घराखाली जाऊन दिवा बघून आलो. जिन्यानं वर जाणार होतो, चावी आहे माझ्याकडे. पण दिवा लागला.
हे मला माहीत नव्हतं. मी त्या दिवशी डोकं दुखतं म्हणून पडले होते.
लेक बराच वेळ खिळ्यावरच्या माझ्या चावीकडे बघत राहिली. माझ्या कपातली कॉफी प्यायली. मग फोन काढून ॲपमध्ये एक नवी जागा घातली: ‘आईचं बाक’. म्हणाली, दाब. मी दाबलं. टिंग. मुकुट. ती म्हणाली, विषय बंद.
खोकी चावीवाल्यानं मागून घेतली. खाली अंथरायला बरी पडतात म्हणाला.

४ नोव्हेंबर, सोमवार
धक्का. ‘आईचं बाक’चा मुकुट गेला. नवा मानकरी: चावीवाला. लेकीनं जाताना त्याच्याही फोनवर ते टाकून दिलं होतं. तो सकाळी आठ ते रात्री आठ तिथेच असतो आणि गिऱ्हाईक गेलं की दाबतो. मी म्हटलं, अहो, नावातच आई आहे. तो म्हणाला, मॅडम, वाचनालयाचा मुकुट तुमचा आहे, पुस्तक कुठलं वाचलंत?
पोतं मात्र त्यानं आजही चार पदरी घातलं.
निर्धार: उद्या सहाला उठून साडेसहाला बाकावर. तो यायच्या आत दीड तासाची आघाडी. दोन गजर लावले.

५ नोव्हेंबर, मंगळवार
उठले ९.२०. गजर वाजले असावेत. चेक-इन केलं: घर. इथला मुकुट शाबूत आहे. दुसरं कुणी स्पर्धेत नाही.
फोन वाजला. चावीवाला. कॉफीची वेळ झाली, मॅडम जागेवर आहेत का, विचारत होता.
सांगितलं, मॅडम केव्हाच निघाल्या आहेत, पोचतीलच.
आता चपला शोधते.