दोन बोटं आखूड

बाबांच्या लाडक्यास,

हे पत्र मी पाठवणार नाही. तेवढंही सुख तुला मिळायला नको.

तुझं ते गाजलेलं नवं मॉडेल काल आपल्या कारखान्यात दुरुस्तीला आलं. वादक म्हणाला, "वरच्या फळीला चीर गेलीय. जपून हं ताई, तुमच्या भावाच्या हातची गिटार आहे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तरी हसून ठेवून घेतली.

तो जाताच मी गिटारच्या भोकातून आत आरसा घातला. चोरीच करायची होती, खोटं कशाला बोलू? एवढा भरदार आवाज येतो कुठून, ते मला बघायचं होतं.

फळीखाली आवाज घडवणाऱ्या सात पट्ट्या चिकटवलेल्या. त्यातली सातवी दोन बोटं आखूड.

पंधरा वर्षांपूर्वी एका गिटारची सातवी पट्टी माझ्या हातून चुकून अशीच आखूड कापली गेली होती. बाबा तुझ्यादेखत मला नाही नाही ते बोलले. ती गिटार मी कोपऱ्यात टाकून दिली. वेगळा होताना तू तेवढीच मागून नेलीस. मला वाटलं, बहिणीची आठवण म्हणून नेतोयस. मी रडले होते रे, मूर्खासारखी!

तेव्हापासून मी प्रत्येक पट्टी बरोब्बर कापतेय.

आता माझ्या नव्या मॉडेलची फळी समोर आहे, हातात पटाशी आहे. सातवी पट्टी आखूड केली, तर लोक म्हणतील, ताईने धाकट्याची नक्कल केली.

पट्टी दोनदा मोजणारी,
तुझी ताई