आठवं नाव

४ फेब्रुवारी

जहाज बचाव समितीचा सेक्रेटरी आला होता. तीन जिने चढून धापा टाकत. काखेत पोस्टरची गुंडाळी. उलगडलं तर — मी! बावीस-तेवीस वर्षांची. जहाजाच्या डेकवर उभी, कडेवर बाळ, वाऱ्याने केस उडालेले. खाली लाल अक्षरांत — 'आपलं जहाज, आपला अभिमान. भंगारात जाऊ देऊ नका!'

"जुन्या कॅलेंडरात सापडला हा फोटो, मावशी. गावभर लावलाय. लोक विचारतात, ही बाई कोण? माग काढत आलो."

म्हटलं, बसा, पाणी घ्या.

"तुम्ही सभेत दोन शब्द बोललात ना, तर लोक पाझरतील. युद्धातून तीनदा मार खाऊन परत आलेलं जहाज, आज तळाला गंज लागून बुडायला आलंय. नौदल खात्याला त्याचं संग्रहालय नकोसं झालंय. तुमचे यजमान जहाजावर होते ना? जहाजावरच्या स्मृतिफलकावर कुठलं नाव त्यांचं?"

मी सांगितलं. फलकावर नावं सात आहेत. बॉयलर फुटला तेव्हा गेले आठ. आठवे आमचे. चौकशीत ठरलं की बॉयलरवर ह्यांची पाळी होती, पाण्याची पातळी ह्यांनी बघितली नाही, म्हणून फुटला. ज्याच्यामुळे सात मेले, त्याचं नाव सातांच्या पंगतीला कसं बसवणार?

बिचारा पोस्टर गुंडाळायला लागला. कडा काही जुळेनात त्याच्या.

६ फेब्रुवारी

बाजारातल्या खांबावर पोस्टर बघितलं. कोणीतरी मला मिशा काढल्यात. बऱ्या दिसतात.

११ फेब्रुवारी

समितीच्या ऑफिसात बोलावलं होतं. धक्क्यावर, तिकीटखिडकीच्या मागे एक खोली. दोन टेबलं, गळकं छप्पर, भिंतीवर जहाजाचे फोटो. अध्यक्षांच्या जागी कप्तान. तेच — तेव्हाचे. शहाऐंशीचे झालेत, चाकाच्या खुर्चीत असतात, पण पाठ अजून ताठ. आणि आवाजही तोच. अपघातानंतर आमच्या दारात 'फार वाईट झालं' म्हणाला होता तो आवाज.

"बाई, झालं गेलं विसरून जाऊ."

"माझं झालंय साहेब. गेलं काहीच नाही."

सेक्रेटरी खोकला. मग मीच विषयाला हात घातला. तुमच्या पोस्टरवर राहीन, सभेत बोलेन, सह्या गोळा करीन. एकच अट. मागची बॉयलरखोली उघडायची. अपघातानंतर तीन दिवसांत चौकशी उरकली आणि दाराला वेल्डिंग मारलं. पुढे वर्षा-दोन वर्षांत जहाजाचं संग्रहालय झालं, तरी ते दार बंदच. ते तोडायचं. बॉयलरातलं ज्याला कळतं असा बाहेरचा माणूस आत उतरवायचा. मला बघायचंय ह्यांनी काय केलं ते. चूक असेल तर चूक. पण कोणी आत बघून सांगितलं, असं तरी होऊ दे.

कप्तान खिडकीबाहेर बघत राहिले. सेक्रेटरी मात्र पटकन म्हणाला, "नाहीतरी दुरुस्तीच्या अंदाजासाठी उघडावीच लागणार आहे, साहेब." चारचौघांत त्यांना नाही म्हणता येईना.

मुलाला सांगितलं. म्हणाला, "कशाला खपली काढतेस, आई?" शाळेत पोरं त्याला बॉयलरफोड्या म्हणायची. खपली त्याची आहे. जखम माझी आहे.

२० फेब्रुवारी

चौकात टेबल मांडून सह्या घेतल्या. शेजारच्या खुर्चीत कोणाला बसवावं त्यांनी? समोरचीला!

क्वार्टर्समध्ये तिचं दार आमच्या दारासमोर होतं, म्हणून समोरची. तिचा नवरा जहाजावर फिटर. फलकावर तिसरा. दोघं एकाच दिवशी गेले, पण तिच्या दाराशी माणसं बसायला यायची आणि माझ्या दाराशी बघायला. जिन्यात उभी राहून ओरडायची — "हिच्या नवऱ्याने माझा संसार जाळला!" माझ्या पोराशी तिची पोरं खेळली तर पाठीत धपाटे. कपडे वाळत घातले तर माझ्या दोरीकडे पाठ. मग मी घर बदललं, शिवणकामावर पोराला वाढवलं. एकेचाळीस वर्षं बोलणं नाही.

आज एक टेबल, एक वही. ती एकाहत्तरीची झालीये. तासभराने म्हणाली, "पेन."

दिलं.

तीनशे बारा सह्या. एक गृहस्थ म्हणाला, "भंगार विकून शाळा बांधा की!" समोरची त्याच्या अंगावर धावली. मला हसू आलं. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिचं भांडण माझ्या बाजूने होतं.

६ मार्च

दार तोडलं.

गॅसकटरवाला, सेक्रेटरी, निवृत्त बॉयलर इन्स्पेक्टर आणि मी. मला येऊ देत नव्हते. म्हटलं, माझ्याशिवाय ठिणगी पाडायची नाही. अरुंद शिड्या उतरून, रेलिंग धरून गेले. पत्रा कापून पडला आणि आतली हवा बाहेर आली. ओल, तेल, काजळी. मी तोंडावर हात धरला नाही. ह्यांनी शेवटची घेतलेली हवा ती.

इन्स्पेक्टर आत तासभर होता. बाहेर येऊन उपड्या बादलीवर बसला. आधी चष्मा पुसला.

"बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, बाई. दाब फार वाढला की आपोआप उचलला जातो आणि वाफ सोडतो. कुकरचाच समजा. इथे त्या व्हॉल्व्हवर लोखंडी पट्टी मारलीये. दोन बोल्ट पिळून. उचलला जाऊच नये म्हणून."

"आणि पाणी?"

"पाणी कमी पडून फुटलेल्या बॉयलरचे नळे जळून लोंबतात. हे तसे नाहीत. दाबाने फाटलेत." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तुमच्या यजमानांनी पाणी सांभाळलं होतं."

मी शिडीच्या पायरीवर बसले. रडू नाही आलं. वाटलं, हे वाक्य ऐकायला तेव्हा कोणीतरी हवं होतं. माझ्या सासूबाई हव्या होत्या. लेकाच्या नावाने खाली मान घालून गेल्या त्या.

"पट्टी कोणी मारली?"

"बॉयलरवाल्याचं काम नाही हे. मापाने कापलीये, जहाजाच्या वर्कशॉपमध्ये. वरचा हुकूम असल्याशिवाय असलं कोणी करत नाही. पण लोखंड नाव सांगत नाही. माणूस सांगेल — कोणी उरला असेल तर."

सेक्रेटरी भिंतीला टेकून उभा होता. पांढराफटक. "मावशी, हे एवढ्यात बाहेर नको हं. खात्याची पाहणी तोंडावर आहे."

१३ मार्च

अहवाल आला. इन्स्पेक्टरने एक प्रत समितीला दिली, एक मला. "तुमचा आहे. काय करायचं ते तुम्ही ठरवा." भला माणूस. चहासुद्धा घेतला नाही.

१५ मार्च

अहवाल घेऊन समोरचीकडे गेले. खरं लिहायचं तर मिरवायलाच गेले. एवढी वर्षं पोसलेली वाक्यं होती माझ्याकडे, एकेक काढणार होते.

ती भाजी निवडत होती. मी पानं तिच्यापुढे आपटली. "वाच! माझ्या नवऱ्याने पाणी सांभाळलं होतं. व्हॉल्व्ह बांधून ठेवला होता!"

तिने कागदाला हात लावला नाही. भाजी निवडतच राहिली. मग म्हणाली,

"मला ठाऊक आहे."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"आदल्या संध्याकाळी हे घरी आले ते जेवले नाहीत. म्हणाले, कप्तानांनी सेफ्टीवर पट्टी मारायला लावली. उद्या मोठे पाहुणे आहेत, जहाजाची शेवटची धाव, वेग दाखवायचाय. मी नको म्हणत होतो, म्हणाले, पण हुकूम पडला. मारली पट्टी." तिने सुरी खाली ठेवली. "माझ्याच माणसाने मारली गं. तेच हात."

"आणि तू जिन्यात उभी राहून मला —"

"तीन पोरं होती माझी. हे खरं बाहेर आलं असतं तर फलकावरून यांचं नाव जाऊन तुझ्याऐवजी मी घर सोडलं असतं. तुझ्यावर ओरडले नसते तर लोकांनी विचार केला असता. म्हणून ओरडले. रोज ओरडले. पुढे पुढे मलाच खरं वाटायला लागलं."

एवढी वाक्यं पोसली होती, एकही कामाला आलं नाही. तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून तिच्या भिंतीवरचं घड्याळ बघत राहिले. दहा मिनिटं पुढे होतं.

"आता थोडे दिवस उरलेत माझे," ती म्हणाली. "बोलाव कोणाला बोलवायचं ते. मी सांगते सगळं. त्यांच्या नावासकट."

मी कागद गोळा केले आणि निघाले. जिन्यात येऊन रेलिंगला धरून उभी राहिले. तिला मारावंसं वाटत होतं. तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसंही वाटत होतं. दोन्ही केलं नाही.

१९ मार्च

कप्तानांनी गाडी पाठवली. घरी. सगळं लखलखीत, पितळेची दुर्बीण, पितळेची घंटा. नोकराला बाहेर घालवलं.

"अहवाल वाचला मी," म्हणाले. "तिने पहिल्या दिवसाचा वेग गाठावा, एवढंच वाटलं होतं हो मला. दहा मिनिटांसाठी."

जहाजाला 'ती' म्हणतात. माझ्या नवऱ्याला त्यांनी नावाने कधी हाक मारली असेल असं वाटत नाही.

"आठ माणसं, साहेब."

"रोज मोजतो."

"फलकावर सातच मोजलीत."

मान खाली गेली त्यांची. पण वर आली तेव्हा परत कप्तान होते. "हे बाहेर पडलं तर खात्याचे लोक जहाजावर पाय ठेवणार नाहीत. जहाज तोडायला जाईल. फलक पण जाईल त्याच्याबरोबर. मग तुम्ही नाव कुठे लावणार? आठवं नाव मी लावतो. बाकीच्यांच्याच अक्षरांत, त्याच ओळीत. 'कर्तव्य बजावताना.' अहवाल तेवढा कपाटात राहू द्या."

चोर तो चोर आणि वर शिरजोर! थुंकावंसं वाटलं. 'विचार करते' म्हणाले.

२० मार्च

मुलाला विचारलं. त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, डोक्यावर केस राहिले नाहीत, आणि ओठ लहानपणी व्हायचे तसेच झाले. म्हणाला, "आई, घे. माणूस तर परत येत नाही. नाव तरी येऊ दे."

२१ मार्च

हो म्हणून कळवलं. लोकांच्या नावाने बोटं मोडण्यात माझं आयुष्य गेलं. आज कोणाच्या नावाने मोडू?

२ एप्रिल

झालं एकदाचं.

खात्याचे पाच जण आले, वार्ताहर आले. धक्क्यावर मांडव, हजारभर माणसं. सह्या एकूण एकेचाळीस हजार. मी बोलले. काय बोलले आठवत नाही, पण बायका डोळे पुसत होत्या. "ह्या जहाजाने माझं सगळं नेलं, तरी हे जहाज राहिलं पाहिजे" — हे सेक्रेटरीने लिहून दिलेलं वाक्य. टाळ्या त्यालाच पडल्या. खात्याचा साहेब जाताना म्हणाला, जहाज दुरुस्तीला गोदीत घ्यायला हरकत दिसत नाही.

मग फलकावरचं कापड काढलं. आठ नावं. ह्यांचं शेवटी. पितळ नवीन म्हणून बाकीच्यांपेक्षा जास्त चमकत होतं. मुलाने बोटाने एकेक अक्षर चाचपलं. सूनबाई, तिचे आईवडील, त्याच्या ऑफिसातले चौघे — सगळ्यांना हाताला धरधरून आणत होता. "हे माझे बाबा." असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "हे माझे बाबा."

गर्दी ओसरल्यावर समोरची जवळ आली. "लागलं ना नाव? आता मला बोलू दे. तुझं आता काही जात नाही."

"कशाला आता?" मी म्हणाले. "झालं ना सगळं."

तिने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मग काठी टेकत निघून गेली.

४ एप्रिल

सकाळी वार्ताहराचा फोन. समोरची काल त्याच्याकडे गेली होती, एकटी. पट्टी, कप्तान, स्वतःचा नवरा — सगळं सांगून आली. "इन्स्पेक्टरचा अहवाल तुमच्याकडे आहे म्हणाल्या. खरं आहे का, मावशी?"

आतल्या खोलीत मुलगा कालचा पेपर कापत होता, फलकाचा फोटो चौकटीत बसवायला.

म्हटलं, कसला अहवाल? तिचं आता वय झालंय.