लवंगांची चोरी

ड्रेस्डेन, रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय स्पृहा,

काल दहाच्या एस-बान लोकलने किल्ल्यावर, वसाहतकाळाचा देखावा करतात त्या बाजाराला गेलो. ऊन होतं. तोफ दोनदा उडवली. चार वाजता तुझा प्रवेश पाहिला आणि तुला न भेटता घरी आलो. आज सकाळपासून तुझे तीन फोन आले, मी घेतले नाहीत. आई करायची ती भूमिका आता दरवर्षी करायला तू होकार देणार आहेस, असा तुझा मेसेज आहे. बाजार भरवणाऱ्या मंडळाला, फेराइनला, शुक्रवारपर्यंत कळवायचंय म्हणतेस, म्हणून आजच लिहितो. मराठीत लिहितो, कारण जर्मनमध्ये मला रागावता येत नाही. सगळं विनंतीसारखं होऊन बसतं. हळूहळू वाच.

मी फार रागावलो आहे. आईला जाऊन सात महिने झाले. तिच्या फोटोपुढे फेराइनवाल्यांनी सूर्यफुलं ठेवली, टोप्या काढून मिनिटभर उभे राहिले. मग फेराइनचे प्रमुख फोग्ट पांढऱ्या केसांचा टोप चढवून मसाल्याचे व्यापारी झाले, आणि आईचं हिरवं लुगडं नेसून तू त्यांची मोलकरीण म्हणून जमिनीवर मसाला वाटायला बसलीस. त्यांनी तुझं मनगट धरलं, मूठ उघडली, चोरलेल्या लवंगा खाली पडल्या. पोरं चोरटी, चोरटी म्हणून ओरडली, "डीबिन! डीबिन!" माझ्या शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली, मुलगी आईपेक्षा छान घाबरते. नवरा म्हणाला, गेनाऊ, अगदी बरोबर.

तुला वाटलं, आईला हे आवडायचं. पहिल्या वर्षी आवडलं. तिसऱ्या वर्षी तिने विचारलं, मी व्यापारी होऊ का? लायब्ररीतून कागद काढून नेले. त्या काळी आपले लोकही स्वतःचा तराजू घेऊन मसाले विकत, हे दाखवलं. फोग्ट म्हणाले, "आल्झो, हे बघ सुलेखा, लोकांना ओळखीचं दाखवावं लागतं. पुढच्या वर्षी बघू." पुढची सहा वर्षं हेच उत्तर. परतीच्या गाडीत ती पुढच्या खेपेला काय बोलायचं त्याची जर्मन वाक्यं जुळवत बसायची. मी म्हणायचो, अगं, नाटकच आहे ते. आणि तुला तिचे हसरे फोटो तेवढे पाठवायचो.

तू मला विचारलं नाहीस, याचाही राग आहे. पण विचारलं असतंस तर मी खरं सांगितलं असतं का, कोण जाणे.

सोबत दोन पानांची प्रत आहे. जानेवारीत, दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी आईने फेराइनचा राजीनामा लिहिला, कारणांसकट. पोस्टात टाकायला माझ्याकडे दिला. मी टाकला नाही. फोग्ट रोज चौकशी करत होते, सूप पाठवत होते, मला अवघड वाटलं. "टाकलात ना?" असं तिने विचारलं आणि मी हो म्हणालो. मग शेवटपर्यंत ती विचारत राहिली, त्यांचं उत्तर आलं का. मी म्हणायचो, येईल. आईने काय लिहिलंय ते वाच आणि मग शुक्रवारी तुला जे कळवायचं ते कळव. मूळ पत्र उद्या मी स्वतः फोग्टच्या हातात देणार आहे, इतके महिने कुठे होतं तेही सांगणार आहे. आता थांबतो. सकाळी प्लास्टिकचा कचरा न्यायला येतात, पिवळ्या पिशव्या खाली ठेवून येतो.

तुझाच,
बाबा