सेल्फ फिरतोय म्हणजे काळजी नाही

शनिवार, १ नोव्हेंबर
आज नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं: लेकीला नव्या नोकरीच्या गावी मी स्वतः सोडणार. पुढच्या रविवारी, ९ तारखेला, आपल्या गाडीतून. साडेचार तासांचा रस्ता. सोमवारी तिला रुजू व्हायचंय.
सौ. म्हणाली, गाडी अठ्ठावीस वर्षांची झालीय. मी म्हटलं, आपलं लग्न तीस वर्षांचं आहे, चालतंय ना? यावर ती गप्प बसली. म्हणजे पटलं.
लेक "बघू बाबा" एवढंच म्हणाली. भरून आलं की पोरगी अशी मोजकंच बोलते.

रविवार, २ नोव्हेंबर
प्रवासाची पूर्वतयारी. गाडी धुतली. लोक आपले वरवर धुतात. मी बॉनेट उघडून इंजिनही धुतलं, नळाला पाइप लावून, चांगला अर्धा तास. असं लख्ख इंजिन शोरूमवाल्यांनीही पाहिलं नसेल.
संध्याकाळी ५. गाडी सुरू होत नाही. सेल्फ मारला की घर्रर्र घर्रर्र फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. निव्वळ योगायोग.

सोमवार, ३ नोव्हेंबर
एकतीस वर्षं शाळेत इंजिनाचा धडा शिकवला. चार स्ट्रोक झोपेत सांगेन. त्यामुळे घाबरायचं कारण नाही.
सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग उरले तीन संशयित: पेट्रोल, हवा, ठिणगी. शास्त्रीय पद्धतीने एकेकाला वगळायचं. गुरुवारी निकाल.
सौ.चं म्हणणं, नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलवा. तो माझा जुना विद्यार्थी. नववीत मीच त्याला विज्ञानात नापास केलं होतं, इंजिनाच्या आकृतीला नावं दिली नाहीत म्हणून. आता त्याच्यासमोर बॉनेट उघडून उभं राहायचं? माझा अहंकार वगैरे काही नाही, पण तत्त्व म्हणून एक गोष्ट असते.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
पेट्रोल येतंय. नळी काढून खात्री केली. पेट्रोल अंगावर उडून बनियन बाद.
हवा सगळीकडेच आहे.
म्हणजे ठिणगी! चारही प्लग काढून घासले. सौ.चा नवा टूथब्रश या कामाला फार उत्तम. तिला अजून सांगितलेलं नाही.
मग मुख्य शोध लागला. डिस्ट्रिब्युटर म्हणजे जिथून चारही प्लगना वीज वाटली जाते, ती डबी. तिथल्या वायरी अत्यंत गबाळेपणाने लावलेल्या होत्या: एक, तीन, चार, दोन! अठ्ठावीस वर्षं हा सावळागोंधळ एकाही मेकॅनिकच्या लक्षात आला नाही. मी त्या शिस्तीत लावल्या. एक, दोन, तीन, चार. बघूनच समाधान वाटलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर
प्रगती आहे. सेल्फ मारल्यावर सायलेन्सरमधून जोरदार बार निघाला. कालपर्यंत काहीच होत नव्हतं, आज निदान आवाज तरी झाला. समोरचे काका, रिटायर्ड बँक मॅनेजर, अर्ध्या दाढीला साबण तसाच घेऊन फाटकाशी आले. त्यांना चार स्ट्रोक समजावून सांगितले. दुसऱ्या स्ट्रोकला ते दाढीचं निमित्त करून आत गेले. लोकांना ज्ञान नकोच असतं.
दुपारी लेक अंगणात आली. म्हणाली, तिथल्या खोलीचे फोटो आलेत, बघता का बाबा? मी म्हटलं, थांब जरा, कार्बोरेटर उघडलाय. ती थांबली थोडा वेळ. मान वर केली तेव्हा गेली होती. फोटो काय, प्रत्यक्षच बघणार आहे रविवारी.
सौ.ला टूथब्रश सापडला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
कार्बोरेटर पुन्हा जोडला. दोन स्क्रू उरले. कंपन्या उगाच जास्तीचे देतात.
तरीही नुसते बार. मग बॅटरी बसली. काकांकडे त्यांची बॅटरी तासाभरासाठी मागितली. म्हणाले, त्यांची गाडी चालू स्थितीत आहे आणि तिला तसंच राहू द्यावं अशी त्यांची इच्छा आहे. जळतात.
आजचा निकाल राखून ठेवला आहे.
लेकीची मोठी बॅग खोलीत दिसली नाही. विचारलं तर म्हणाली, मैत्रिणीच्या सामानाबरोबर पुढे पाठवली. शहाणी आहे. डिकीत जागा राहावी म्हणून.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
धक्का. चार धडधाकट माणसं. कोपऱ्यापर्यंत ढकलली, कोपऱ्यापासून परत ढकलली. अशा तीन फेऱ्या, तीन बार.
चौथ्या वेळी माणसं मिळाली नाहीत.
सौ. बोलत नाही. एकाग्रतेला बरंच आहे.
उद्याचा एक दिवस हातात आहे. एक दिवस म्हणजे पुष्कळ झाला.

शनिवार, ८ नोव्हेंबर
गॅरेजवाला आला. मी बोलावलं नव्हतं. सौ.ने परस्पर फोन केला आणि तो बॅटरी खांद्यावर घेऊन दारात. "सर, तुम्ही बसा" म्हणाला आणि माझीच खुर्ची मला दिली.
इंजिन पाहिलं आणि विचारलं, हे धुतलं कोणी? मी म्हटलं, स्वच्छता महत्त्वाची. त्याने डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, आतले पाण्याचे सुकलेले डाग फडक्याने पुसले. म्हणाला, पाणी शिरलं होतं सर. हात लावला नसता तर उन्हाने मंगळवारपर्यंत आपोआप वाळून सुरू झाली असती.
मग विचारलं, वायरी कोणी बदलल्या? एक-तीन-चार-दोन हाच क्रम असतो म्हणे. सिलिंडर त्याच क्रमाने पेटतात, म्हणून बार निघत होते. मी म्हटलं, धड्यात एकच सिलिंडर होता. तो म्हणाला, आठवतंय सर. उरलेले दोन स्क्रू त्याने माझ्या हातातून घेऊन जागच्या जागी बसवले.
अकरा मिनिटं. गाडी सुरू.
नोंद करून ठेवतो: दोष ठिणगीतच निघाला. म्हणजे मंगळवारीच माझं निदान बरोबर होतं. गॅरेजवाल्याने फक्त अंमलबजावणी केली.

रविवार, ९ नोव्हेंबर
पहाटे साडेपाचला गाडी काढली. पहिल्या सेल्फला सुरू. हॉर्न दिला.
लेक एक छोटी पर्स घेऊन बाहेर आली. म्हणाली, बाबा, मला फक्त बस स्टँडपर्यंत सोडा, साडेसहाच्या बसचं तिकीट काढलंय. मी म्हटलं, अगं, गाडी दुरुस्त झालीय! ती म्हणाली, माहितीये बाबा. साहजिक आहे, आठवडाभर गाडी बंद पडलेली बघून घाबरली असणार. तसं तिला म्हणालोही. तिने मोबाइल पुढे केला. तिकीट शनिवारी काढलेलं. कालच्या नव्हे, १ तारखेच्या शनिवारी. तेव्हा गाडी उत्तम चालत होती.
स्टँडवर विचारलं, मग का गं? आधी काही नाही, काही नाही म्हणाली. मग म्हणाली, बारावीला मला परीक्षेला सोडायला निघालात, आठवतं? इंजिनाचा आवाज ऐकायला तीन वेळा गाडी थांबवलीत. पेपर सुरू होऊन अर्धा तास झाल्यावर मी वर्गात पोचले. मला ती सहल आठवते, तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा आवाज सापडलाही होता. पेपरचं मला कोणी बोललंच नव्हतं. ती म्हणाली, तुम्ही इतके खुशीत होतात की सांगवलं नाही.
वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. म्हटलं, खोलीचे फोटो दाखव. तिने दाखवले, उभ्याउभ्याच. खिडकी छान आहे. मग कंडक्टरने हाक मारली.
बसचं इंजिन मात्र नीट बोलत नव्हतं. बारीक टकटक येत होती, वॉल्व्हची असणार. ड्रायव्हरच्या कानावर घालावं म्हणून पुढे गेलो, पायरीवर पाय ठेवला. लेक पहिल्याच सीटवर होती. तिने माझ्याकडे बघून हात जोडले, डोळ्यांत पाणी आणून.
मी पाय खाली घेतला. बस अगदी वेळेवर सुटली.