उष्टी ताटं आणि माझं घर

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, व्यवसाय पुराणकथा सांगणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. जिभेबद्दल कोणाला शंका नसावी.

१. माझी पुस्तकं मुलींच्या वाचनालयाला द्यावीत, समासातल्या माझ्या शिव्यांसकट.

२. आईची पितळी परात माझ्या नातीला. आईने सभागृहात चाळीस वर्षं उष्टी काढली. तिथेच मी पहिल्यांदा कथा सांगितली: यज्ञाच्या पंगतीत देवाने स्वतः पाहुण्यांची उष्टी काढली, ती. लोक डोळे पुसू लागले. आई बादली घेऊन दाराआड उभी होती. मी थांबले.
"देवाने काढली ती लीला आणि माझ्या आईने काढली ते काम? तिला पहिल्या पंगतीत बसवा, मगच पुढची कथा."
सभागृहाचे थोरले विश्वस्त म्हणाले, "बाई, कथा सांगा. टोमणे नकोत."
मी तोंड मिटून बसले. शेवटी त्यांनाच सरकून जागा करावी लागली. आई जेवली आणि सवयीने शेजारचं ताट उचलायला उठली. मी तिचा हात धरला. त्या दिवसापासून तिथे सगळ्यांची एकच पंगत बसत आली. मी आयुष्यात एवढं केलं, आणि ते थोडं नाही.

३. त्या विश्वस्तांना माझं कानाचं यंत्र द्यावं. त्यांना तेव्हाही ऐकू येत नव्हतं.

४. राहतं घर. माझा मुलगा आता त्याच सभागृहाचा व्यवस्थापक आहे. गेल्या महिन्यात त्याने मान्यवरांसाठी वेगळं टेबल मांडलं.
"त्यांची ताटं कोण उचलणार रे?"
"आई, त्याला माणसं आहेत."
तर ऐक, बाळा. माझ्यामागे जे जेवण होईल, त्यात सगळे एका पंगतीत बसतील. सगळ्यांची उष्टी तू एकट्याने काढशील, शेवटचं ताट सभागृहात रांधणाऱ्या आचारीणबाईंचं. तसं झालं तर घर तुझं. नाहीतर घर आचारीणबाईंचं. म्हणूनच त्यांना साक्षीला घेतलेलं नाही. निवाडा साक्षीदार करतील.

कोणी म्हणालं, "अहो, तुम्ही कशाला?" तर एवढंच सांग: "त्याला माणसं आहेत. त्यातला मी एक."

सही: कथेकरीणबाई
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई २. कोपऱ्यावरचे छापखानेवाले
स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: १४ ऑक्टोबर, दुपारचं जेवण झाल्यावर, माझं ताट मीच घासून